गाळलेला ड

मोजणीदार: ताई, टोक जरा वर धरा. अजून वर. टेप लोंबला की इंचभर खोटं बोलतो.

ताई: धरलंय. लवकर आटपा.

मोजणीदार: लवकर आटपून फेरमोजणी होत नसते. चौतीस वर्षं सरकारी मोजणीत काढली. बांधावरून लोकांनी एकमेकांची डोकी फोडली, पण माझ्या टेपवर कुणी बोट ठेवलं नाही. हं, आता हे दार मधे येतंय. हा दगड कशाला अडकवून ठेवलाय दाराला?

ताई: राहू दे. दगडाला हात लावू नका.

मोजणीदार: अहो, दार सताड उघडं असलं की टेप भिंतीला टेकत नाही. मिनिटभर लोटून घेतो, की झालं.

ताई: साहेब, नको म्हणते ना! तो दगड...

मोजणीदार: आईगं! केवढ्यानं आदळलं. मी नुसतं लोटलं होतं, वाऱ्यानं ओढलं बहुतेक.

ताई: पडली.

मोजणीदार: काय पडलं?

ताई: खिट्टी. बाहेरच्या अंगाला आहे, आपोआप पडते.

मोजणीदार: एवढंच ना, उघडू की. आतून कुठे धरायचं?

ताई: आतून काही नाही.

मोजणीदार: काही नाही कसं? कडी, मूठ, दोरी... खरंच काही नाही. थांबा, खांदा लावतो. हं... हूं... हललं का?

ताई: तुमचा खांदा हलला. दार नाही.

मोजणीदार: फटीतून टेपची पट्टी घालून खिट्टी उचलता येईल. पोलादी आहे.

ताई: येत नाही. फळी जाड आहे, पट्टी वाकडी होऊन मोडते.

मोजणीदार: तुम्हाला काय माहीत?

ताई: मोडली होती. लाकडी फूटपट्टी होती ती.

मोजणीदार: मोबाइलवरून कुणाला तरी... छे! मोबाइल पुढच्या वर्गात, खिडकीत चार्जिंगला. तुमचा?

ताई: स्वयंपाकघरात. तिथून तो हलत नाही, मीही फारशी हलत नाही.

मोजणीदार: मग हाका मारू. कुणी आहे का? अहोऽ! कुणी आहे का बाहेर?

ताई: घसा बसेल तुमचा. पलीकडे ओढा आहे आणि भिंत दीड हात जाडीची आहे.

मोजणीदार: सव्वादोन फूट.

ताई: तेच ते. रंगारी पाट्या घेऊन यायचाय ना आज?

मोजणीदार: चार वाजता! आणि आत्ता वाजलेत दोन बारा. दोन तास इथे बसायचं?

ताई: बसा. तिथे नको, ती फरशी डुगडुगते. तिसरीवर बसा. आणि पाठ आतल्या भिंतीला लावा, ओढ्याकडची ओल धरते.

मोजणीदार: बरं. तसं बघितलं तर बरंच झालं म्हणायचं. आठवडाभर तुम्ही सहीला हुलकावणी देताय. आता पळून पळून जाल कुठे?

ताई: कुठेच नाही.

मोजणीदार: कागद खिशातच आहे. उद्या अकराला जुन्या वास्तू जपणारी समिती येणार, पाट्या लागणार, चार लोक बोलणार. त्याआधी सही झाली की मी सुटलो. तीन वर्षं झाली ताई या पुस्तकापायी. पंचक्रोशीतली सतरा शेतघरं मोजली, सहा पाणचक्क्या, चार शाळा. पण आधी चक्की आणि मग शाळा अशी वास्तू ही एकच. चक्की बंद पडली, मालकानं इमारत शाळेला दिली, आणि तुमचे वडील मास्तर म्हणून आले ते मागच्या दोन खोल्यांत कायमचे राहिले. पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण आहे ते. ‘छडी नसलेली शाळा’.

ताई: वाचून दाखवा.

मोजणीदार: प्रकरण?

ताई: कागद. काय काय लिहिलंय त्यात, एकदा कानांनी ऐकू दे.

मोजणीदार: उजेड कमी आहे. हं, त्या झरोक्याखाली धरतो. ‘सदर वास्तू समितीच्या ताब्यात राहील. मास्तरांच्या कन्या हयात असेपर्यंत याच घरात राहतील, वास्तूची निगा राखतील आणि येणाऱ्या पाहुण्यांना दोन्ही वर्ग, चक्कीच्या पाळ्यांची जागा व धान्याची कोठी स्वतः उघडून दाखवतील.’

ताई: हयात असेपर्यंत.

मोजणीदार: तुमच्याच भल्यासाठी घातलंय. तुमच्या भावाचा आग्रह होता. ताईला घरातून कुणी हलवता कामा नये म्हणाला.

ताई: तो स्वतः सतराव्या वर्षी हलला. वळून बघितलं नाही त्यानं या घराकडे. माझी मात्र सोय करून ठेवतो अधूनमधून.

मोजणीदार: सोय नाही का ही? या वयात डोक्यावर छप्पर, लोकांत मान, वडिलांचं नाव. तुम्ही जाणार तरी कुठे होता?

ताई: माझी एक मैत्रीण आहे. शिवणकाम करते. तिच्याकडची एक खोली रिकामी आहे, दोन खिडक्यांची. अकरा वर्षं बोलावतेय.

मोजणीदार: अकरा वर्षं बोलावतेय आणि तुम्ही गेला नाहीत, म्हणजे तुमचा पाय इथून निघत नाही. उघड आहे.

ताई: पाय निघत नाही हे खरं. का निघत नाही ते तुम्ही मोजलं नाहीत.

मोजणीदार: घ्या, सही करा. पण पेन... पेन मोबाइलपाशी राहिलं. पेन्सिल आहे नुसती. पेन्सिलीची सही चालत नाही हो.

ताई: बघा. दार बंद झाल्याचा काहीतरी फायदा झालाच.

मोजणीदार: ताई, हवा कमी झाल्यासारखी वाटतेय का तुम्हाला?

ताई: हवा आहे तेवढीच आहे.

मोजणीदार: नाही, छातीवर काहीतरी... किती बाय किती आहे ही खोली? आत्ता मोजली मी. सात फूट दोन इंच बाय पाच फूट... पाच फूट... मला आकडा आठवत नाहीये. मी कधी आकडा विसरत नाही! अहो कुणी आहे का? उघडा! उघडा हो कुणीतरी!

ताई: साहेब. इकडे बघा. दार बडवू नका, त्यानं आणखी घाबरायला होतं. खाली बसा. तोंड झरोक्याकडे करा. तिथून वारा येतो, गालाला लागतो बघा. लागला?

मोजणीदार: लागला. थोडासा.

ताई: तेवढाच पुरतो. आता ओढ्याचा आवाज ऐका. मधेच एक गटांगळी खाल्ल्यासारखा आवाज येतो, चक्कीचा जुना पन्हळ आहे तिथे. ती गटांगळी मोजायची. तीस झाल्या की परत पहिल्यापासून. शंभरापर्यंत जायचं नाही, शंभरापर्यंत गेलं की वेळ मोठा वाटतो.

मोजणीदार: एक... दोन...

ताई: मनात.

मोजणीदार: तीस झाल्या. तीनदा.

ताई: बरं वाटतंय?

मोजणीदार: हो, आता बरंय. लाज वाटली हो मला. सहासष्ट वर्षांचा माणूस.

ताई: लाज कसली. बघा, उन्हाची तिरीप कोपऱ्यातल्या दगडावर आलीय. म्हणजे पावणेतीन झाले.

मोजणीदार: दोन त्रेचाळीस. ताई, तुम्हाला या खोलीतलं एवढं सगळं कसं ठाऊक? तीन महिने मी येतोय, तुम्ही कधी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाहीत. नेहमी बाहेरूनच बोट दाखवता. आज टेप धरायला हाक मारली म्हणून आलात.

ताई: हो. एकावन्न वर्षांनी.

मोजणीदार: म्हणजे लहानपणी येत होता?

ताई: येत होते असं नाही म्हणता यायचं.

मोजणीदार: धान्याच्या कोठीत लपाछपी. सगळी मुलं करतात. आमच्या आजोळी पण...

ताई: साहेब, त्या भिंतीवरच्या खुणांचं तुम्ही काय लिहिलंय?

मोजणीदार: त्या का! तो तर माझा शोध आहे. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, मग पुढचा गठ्ठा. एकूण दोनशे बारा. चक्कीवर आलेल्या पोत्यांची मोजदाद. हमालानं पोतं टाकलं की एक रेघ. साडेतीन पानं लिहिलीयत त्यावर, कुठल्या हंगामात किती पोती आली असतील ते सगळं काढलंय.

ताई: जमिनीपासून किती उंचीवर आहेत?

मोजणीदार: ते पण मोजलंय. तळाची ओळ एक फूट अकरा इंच, वरची दोन फूट चार इंच.

ताई: मग तुमचा हमाल काय रांगत यायचा?

मोजणीदार: अं?

ताई: पाठीवर पोतं घेतलेला बाप्या माणूस रेघ मारेल ती छातीपाशी मारेल. दोन फुटांवर मारायला त्याला मांडी घालून बसावं लागेल.

मोजणीदार: खाली बसून... नाही. थांबा. खाली बसून का मारेल तो? उंची मीच मोजली, मीच लिहिली, आणि मला सुचलं नाही?

ताई: तुम्ही आत्ता बसलाय तिथून हात पुढे करा. कुठे पोचतो?

मोजणीदार: तिथेच. बरोबर रेघांवर.

ताई: आणि तुम्ही उंच आहात. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला थोडा हात वर करावा लागायचा.

मोजणीदार: ताई, या कुणाच्या रेघा आहेत?

ताई: सगळ्या माझ्या नाहीत. भिंतीतल्या खांबाच्या डावीकडच्या माझ्या. उजवीकडे बाकी सगळे, जसजसे आले तसे.

मोजणीदार: पण मास्तर तर... अहो, मी स्वतः नऊ जुन्या विद्यार्थ्यांना भेटलोय. सगळ्यांनी एकच सांगितलं, मास्तरांनी जन्मात कुणावर हात उगारला नाही.

ताई: खरंच सांगितलं. अण्णांनी कधी छडी घेतली नाही. आवाजसुद्धा चढवला नाही. शुद्धलेखन तपासायचे, लाल शाईनं गोल करायचे आणि शांतपणे म्हणायचे, ‘एक अक्षर गळालं. एक तास.’ मग पोरगं आपलं आपण उठायचं आणि इकडे चालू लागायचं.

मोजणीदार: एका अक्षराला एक तास?

ताई: काना-मात्रा चुकली तर माफ. अक्षर गाळलं तर नाही. म्हणायचे, चुकलेलं सुधारता येतं, पण गाळलेलं कुणाला कळतच नाही.

मोजणीदार: त्या नऊ जणांपैकी एकही बोलला नाही.

ताई: तुम्ही त्यांना काय विचारलंत? मास्तर मारायचे का. नाही म्हणाले. खोलीचं विचारलंत?

मोजणीदार: खोलीचं कागदावर होतं ना! शाळेच्या ताबेयादीत स्पष्ट लिहिलंय, ‘वर्ग दोन, पडवी एक, कोठी एक.’ लेखी पुरावा असताना माणसांना कशाला विचारू? माणसं विसरतात, कागद विसरत नाही.

ताई: तुम्ही वाचलात तो कागद कुणाच्या हातचा?

मोजणीदार: तुमच्याच. मूळ यादीला कसर लागली होती म्हणून तुम्ही नक्कल करून दिलीत. इतकं सुंदर अक्षर की मी... ताई?

ताई: मूळ यादीत ‘कोठी’ नाही. ‘कोठडी’ आहे. अण्णांच्या हातची. ड अगदी ठळक, पोट भरलेला.

मोजणीदार: तुम्ही ड गाळलात?

ताई: हो.

मोजणीदार: अहो, ध चा मा केलात की!

ताई: तिथे निदान मा तरी झाला. मी नुसताच गाळला.

मोजणीदार: नजरचुकीनं?

ताई: नजरचूक हा शब्द माझ्यापुढे काढू नका. दहा वर्षांची असताना त्याच शब्दात ज गाळला होता. ‘नरचूक’ लिहिलं. आख्खा वर्ग हसला, मीही हसले. मग उठले आणि इकडे आले.

मोजणीदार: म्हणजे मुद्दाम गाळलात.

ताई: लिहीत होते. ‘को’ काढला, ‘ठ’ काढला आणि हात थांबला. म्हटलं, आता कोण बघणार आहे? एक वेलांटी काढली आणि खोलीत धान्य भरलं. फार हलकं वाटलं त्या दिवशी. मग तुम्ही तो कागद बघून नाचलात, कोठी सापडली म्हणून, आणि मला तो ड परत घालता येईना.

मोजणीदार: थांबा, थांबा. कोठडी म्हणजे जुन्या कागदांत नुसती लहान खोलीही असते. मास्तरांनी त्या अर्थानं लिहिलं असेल. चक्कीच्या काळी इथे धान्य असेलच ना? बाहेरून खिट्टी आहे ती चोराचिलटाच्या भीतीनं.

ताई: दाराचं चित्र काढलंय ना तुम्ही वहीत? त्यात कुलूप कुठे लावायचं ते दाखवा.

मोजणीदार: कुलूप... कोयंडा नाहीये. हो, मी टीप पण लिहिलीय खाली, ‘कुलपाची सोय आढळली नाही.’

ताई: मग ही खिट्टी चोराला कशी अडवेल? तो येईल, बोटानं उचलेल आणि आत जाईल. ती फक्त आतल्याला अडवते. तुमची पोती काय पळून जाणार होती? आणि मला त्या कुलपाचंच वाईट वाटतं, साहेब. कुलूप असतं तर किल्ली एकट्या अण्णांकडे असती. कुलूप नव्हतंच. कुणीही उघडू शकलं असतं.

मोजणीदार: कुणीच उघडलं नाही कधी?

ताई: नरचुकीच्या दिवशी शाळा तपासायला वरचे साहेब आले. अण्णा त्यांना पोचवायला म्हणून गेले ते बोलत बोलत गावापर्यंत गेले, आणि मी आत आहे हे विसरले. एका अक्षराचा तास दिवेलागणीपर्यंत चालला. दुपारी दाराखालच्या फटीत एका मुलाचे पाय दिसले. अंगठ्यांवर खडूची भुकटी. मी म्हटलं, उघड रे. पाय बराच वेळ तिथेच होते. मग गेले.

मोजणीदार: आणि तुमची आई?

ताई: आई आली. दाराला पाठ टेकून बसली बाहेर. मटार सोलत होती, आवाज यायचा शेंगा फुटल्याचा. फटीतून एकेक दाणा आत सरकवायची. मी खायचे. ती सरकवायची, मी खायचे. आख्खी टोपली झाली. खिट्टी उचलायला तिला एक बोट पुरलं असतं.

मोजणीदार: ताई...

ताई: तिचं प्रेम नव्हतं असं म्हणत नाही मी. अण्णांचंही होतं. संध्याकाळी धावत आले, मला उचललं, रडले. दुसऱ्या दिवशी परत शुद्धलेखन होतंच. शेवटची दहा वर्षं अंथरुणाला होते, मीच केलं सगळं त्यांचं. माया होती म्हणून केलं. पण रोज संध्याकाळी मी इथे येऊन दारात दगड आहे ना बघून जायचे. अजून जाते.

मोजणीदार: हे बघा, मी स्पष्ट बोलतो. पुस्तक छपाईला गेलंय. पाट्या रंगवून तयार आहेत. उद्या शंभर माणसं येणार. मास्तर वारले, तुमच्या आई वारल्या. हे तुम्हाला माहीत आणि आता मला. आपल्या दोघांतच राहिलं तर कुणाचं काय बिघडणार आहे?

ताई: कुणाचंच नाही. मी रोज पाहुण्यांपुढे हे दार उघडेन, म्हणेन ‘इथे धान्य असायचं’, आणि परत लोटून घेईन. हयात असेपर्यंत.

मोजणीदार: मला तसं म्हणायचं नव्हतं.

ताई: किती वाजले?

मोजणीदार: तीन बत्तीस.

ताई: दोन बाराला दार पडलं. किती झालं?

मोजणीदार: एक तास वीस मिनिटं.

ताई: म्हणजे एक अक्षर आणि वर एक वेलांटी.

मोजणीदार: एवढंच? मला वाटलं... एवढंच झालं?

ताई: सोबतीला माणूस असूनसुद्धा. बोलायला, भांडायला.

मोजणीदार: दोनशे बारा. एकेक रेघ म्हणजे... डावीकडच्या किती आहेत? एक गठ्ठा, दोन, तीन... नऊ... चौदा गठ्ठे आणि वर तीन. त्र्याहत्तर. त्र्याहत्तर तास, ताई. मी त्यांची पोती केली.

ताई: तुम्ही नाही केलीत. पोती मी केली. तुम्ही फक्त मोजलीत.

मोजणीदार: साडेतीन पानं! हंगाम काढले मी त्यातून! तो रंगारी शहाणा म्हणायचा. चार वेळा विचारलं त्यानं मला, ‘साहेब, कोठीच लिहायचं ना? शब्द बघून घ्या एकदा.’ मी खेकसलो त्याच्यावर. म्हटलं, तू रंग लाव, शुद्धलेखन मला शिकवू नको.

ताई: तो याच शाळेत होता. माझ्या वर्गात. खडू म्हणायचो आम्ही त्याला.

मोजणीदार: म्हणजे त्याला माहीत होतं.

ताई: उजवीकडच्या वरच्या दोन गठ्ठ्यांत त्याच्या आहेत. पेन्सिल द्या. आणि तुमची वही.

मोजणीदार: काय करताय?

ताई: कोठी कुठे लिहिलंय तुम्ही? हं, हे. आता वाचा.

मोजणीदार: कोठडी. किती थरथरता काढलात.

ताई: अंधार आहे.

मोजणीदार: मी उद्या छापखान्यात जातो. आख्खं प्रकरण गाळावं लागेल.

ताई: गाळू नका. गाळलेलं कुणाला कळत नाही. लिहा नव्यानं.

मोजणीदार: मास्तरांचं नाव खराब होईल, ताई.

ताई: त्यांनी गावाला वाचायला शिकवलं, तेही लिहा. दोन्ही लिहा. एक लिहायचं म्हणून दुसरं गाळायचं नाही, एवढंच. श्श. ऐका.

मोजणीदार: काय? मला तर ओढाच ऐकू येतोय.

ताई: फटीत बघा. पाय आहेत.

मोजणीदार: अहो! कोण आहे? आम्ही आत अडकलोय! लवकर...

ताई: थांबा, साहेब. ओरडू नका. मला बोलू द्या. खडू, तू आहेस का?

रंगारी: ताई? तू आत?

ताई: हो.

रंगारी: तू कशी काय आत?

ताई: दगड सरला. खडू, उघड रे.

(बाहेरून खिट्टी उचलल्याचा आवाज.)

मोजणीदार: हुश्श! देव पावला. ये, ये आत, हा टेप जरा धर, माझे पाय मेले आहेत...

रंगारी: मी आत येत नाही. तुम्हीच या बाहेर. ताई, हात दे. उंबरा उंच आहे.

ताई: माहितीय.

रंगारी: ताई, त्या दिवशी मी...

ताई: राहू दे. आज उघडलंस ना.

रंगारी: हूं.

मोजणीदार: ताई, खिडकीतलं पेन आणलं. आणि हा कागद. म्हणजे मी आग्रह करत नाहीये. नुसतं विचारतोय. समितीला काय सांगू?

ताई: सांगा, मास्तरांच्या कन्या दोन खिडक्यांच्या खोलीत राहायला गेल्या. उद्या सकाळच्या गाडीनं. मूळ यादी ट्रंकेत आहे, ती घेऊन जा.

मोजणीदार: मग पाहुण्यांना ही खोली कोण दाखवणार?

ताई: पाटी दाखवेल. खडू, पाटी आणलीस?

रंगारी: ही काय. ‘धान्याची कोठी’. साहेबांनी सांगितली तश्शी. चारदा विचारलं होतं मी.

मोजणीदार: चारदा विचारलंस. माझं चुकलं. आता ‘धान्याची’ पूर्ण पुसून टाक. आणि ‘कोठी’त एक अक्षर राहिलंय, ते घाल.

रंगारी: ड?

मोजणीदार: ड.

रंगारी: ‘धान्याची’ पुसतो, त्याचं काही नाही. पण ड ला जागा कुठाय? ठ आणि वेलांटीच्या दांडीच्या मधे घुसवावा लागेल. फार दाटी होईल ताई, कोंडल्यासारखा दिसेल.

ताई: दिसू दे.